वेस्टलँड वापिटी, १/७२ रेझिन किट: कुठून सुरुवात करू? (सल्ला हवा आहे)

पतंगवेडा

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर एक खोकं पडून आहे आणि ते उघडून बघून पुन्हा बंद करण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. आत वेस्टलँड वापिटी या दुपंखी विमानाचं १/७२ मापाचं रेझिन किट आहे. प्लास्टिकची नऊ-दहा विमानं मी केली आहेत, त्यात दोन स्पिटफायर आणि एक हरिकेन. रेझिनला मात्र कधी हात लावलेला नाही. दुपंखी विमानही हे पहिलंच.

हेच विमान का, ते सांगतो. माझ्या आईचे वडील १९३८ साली हवाई दलात हवाई सिपाही म्हणून भरती झाले. पहिल्या स्क्वाड्रनमध्ये ते रिगर होते. त्या दिवसांतला त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. चंदेरी वापिटीच्या खालच्या पंखाशेजारी ते उभे आहेत आणि त्यांचा उजवा हात पंखांमधल्या एका तारेवर आहे. आई आता ७६ वर्षांची आहे. तिच्या हातात हे विमान तयार करून ठेवायचं, एवढाच हेतू.

आता अडचणी. सुटे भाग जाडजूड रेझिनच्या ठोकळ्यांना चिकटलेले आहेत. वरचा पंख धनुष्यासारखा वाकलाय. धडाच्या एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढी दहा-बारा भोकं आहेत. सूचनांचा कागद एकच, त्यातली आकृती धूसर, आणि तारा कुठून कुठे जातात याचा पत्ताच नाही. डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या खुणांचा, कागद पिवळा पडलाय.

भाग धुवायचे कशाने, चिकटवायचे कशाने, पंख सरळ होईल का, चंदेरी रंग नेमका कोणता, हे सगळंच विचारायचं आहे. शिवाय तारा लावायलाच हव्यात का? खरं सांगायचं तर त्या वगळाव्यात असंच मनात येतंय. जमतील असं वाटत नाही.

काचकागद

पहिला प्रश्न माझा. हे रेझिन साच्यात ओतलेलं आहे की थ्रीडी प्रिंट केलेलं? दोघांनाही हल्ली लोक ‘रेझिन किट’च म्हणतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ठोकळे आणि बुडबुड्यांची भोकं आहेत म्हणजे ओतीव पॉलियुरेथेन असावं, असं धरून लिहितो. प्रिंट केलेलं असेल तर भागांना ठोकळ्याऐवजी झाडाच्या मुळांसारखे बारीक आधार असतात आणि पृष्ठभागावर थरांच्या रेषा दिसतात. ते रेझिन जास्त ठिसूळ असतं, त्याला वाकवायच्या फंदात पडू नका.

धुणं. सिलिकॉनच्या साच्यातून भाग सुटून यावा म्हणून साच्याला एक तेलकट द्रव लावलेला असतो. तो भागावर राहिला तर ना गोंद धरत ना रंग. कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड सोप घाला, अर्धा तास भिजवा आणि मऊ टूथब्रशने कानाकोपऱ्यातून घासा. ठोकळे कापण्याआधीच धुवा, म्हणजे बारीक भाग बेसिनमध्ये वाहून जात नाहीत. रंगाच्या आदल्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसून घ्या. अ‍ॅसिटोन नको.

आता जे लिहितोय ते नीट वाचा. रेझिनची भुकटी पिठासारखी बारीक असते आणि फुप्फुसात खोलवर जाते. प्लास्टिक घासताना आपण जो निष्काळजीपणा करतो तो इथे चालणार नाही. एन-९५ मास्क लावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडं घासूच नका. ओला पॉलिश पेपर, शेजारी पाण्याची वाटी, काम झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. करवतीलाही पाण्याचा थेंब लावत राहा. मी पहिली दोन वर्षं कोरडंच घासत होतो आणि रात्रभर खोकत होतो. कारण कळायला फार उशीर झाला.

ठोकळा कापताना भागाच्या अगदी लगत करवत लावू नका. मिलिमीटरभर अंतर सोडून कापा आणि उरलेलं घासून काढा. काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर भाग इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की कड सपाट येते. धडाचे दोन अर्धे भाग घासताना मध्येमध्ये जोडून रुंदी बघा. पाव मिलिमीटर इकडून, पाव मिलिमीटर तिकडून जास्त गेलं की धड बारीक होतं, आणि मग इंजिन धडाबाहेर आलेलं दिसतं. ही चूक नंतर भरून काढता येत नाही.

वाकलेला पंख सरळ होतो, काळजी नको. हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी घ्या, साधारण ६० ते ७० अंश. उकळतं नको. पंख त्यात मिनिटभर ठेवा. तो ओल्या चामड्यासारखा मऊ होईल. काढून काचेवर ठेवा, वरून दुसरी काच हलकेच दाबा आणि सगळंच गार पाण्यात बुडवा. एकदा पंखाची लांबीही मोजून घ्या. खऱ्या वापिटीचा पंख टोकापासून टोकापर्यंत १४.१५ मीटर, म्हणजे या मापात १९.७ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. रेझिन गोठताना थोडं आक्रसतं, त्यामुळे वरचा आणि खालचा पंख एकमेकांशी जुळतायत का हे गोंद लावायच्या आधी कळलेलं बरं.

रंगारी_७२

काचकागद काकांचं चिकटवण्याबद्दल लिहायचं राहिलं, म्हणून घाईघाईत. प्लास्टिकचा सिमेंट गोंद रेझिनवर काहीही काम करत नाही. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन विरघळत नाही. सुपर ग्लू किंवा दोन नळ्यांचं इपॉक्सी, हे दोनच पर्याय. जिथे कोन जुळवायला वेळ हवा तिथे पाच मिनिटांचं इपॉक्सी, बाकी ठिकाणी सुपर ग्लू.

भोकांसाठीही सुपर ग्लूच. टाल्कम पावडरमध्ये कालवा, टाचणीने भोकात भरा आणि अर्ध्या-एक तासात घासून टाका. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर तो रेझिनपेक्षा कडक होतो, मग घासताना आजूबाजूचं रेझिन झिजतं आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो.

पतंगवेडा

काका, रंगारी, मनापासून आभार. ओतीवच आहे. काल सगळं धुतलं. पाण्यावर तेलाचा तवंग आला, तेव्हा धुण्याचं महत्त्व पटलं.

वरचा पंख गरम पाण्यातून काढून सरळ केला. अगदी सुतासारखा झाला होता. आज सकाळी बघतो तर टोकं पुन्हा दोन मिलिमीटर खाली आलेली. पुन्हा करू का? की माझं काही चुकलं?

काचकागद

काका म्हणालास, म्हणून एकेरीवर येतो.

तुझं काही चुकलं नाही. रेझिनला आपला जुना आकार आठवतो. पुन्हा कर, आणि या वेळी थोडं उलट्या दिशेला वाकवून गार कर. पण पंख आज सरळ झाला म्हणून दहा वर्षांनीही सरळ राहील, असं नाही. पातळ रेझिन सततच्या वजनाखाली हळूहळू खचतं. उन्हाळ्यात जास्तच. माझ्या कपाटात एक विमान उभं होतं, त्याची रेझिनची चाकं घेऊन उभी असलेली दांडकी चार वर्षांत फाकत गेली आणि विमान पोटावर बसलं. कोणी हातही लावला नव्हता त्याला.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: ज्यावर भार येणार तो प्रत्येक भाग धातूचा कर. किटमधले स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधले खांब आणि चाकांची दांडकी, मापासाठी वापर आणि बाजूला ठेव. त्यांच्या जागी पितळेची तार घे. खरे स्ट्रट पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे असतात, म्हणून तार ऐरणीवर हलकेच चपटी करून कड कानशीने गोल कर. चपटी पितळी नळी मिळाली तर उत्तमच. प्रत्येक स्ट्रटच्या दोन्ही टोकांना अर्धा मिलिमीटरची पिन निघू दे आणि पंखात तेवढ्याच जाडीचं भोक पाड. सुपर ग्लू ओढला तर धरतो, पण आडवा धक्का बसला की टचकन सुटतो. पिन असली की तो धक्का पिन घेते.

पंखासाठीही हाच उपाय. खालच्या बाजूने टोकापासून टोकापर्यंत एक बारीक खाच कोर, त्यात ०.५ मिमीची स्टीलची तार ताणून बसव, सुपर ग्लू आणि टाल्कने भर, घासून टाक. मग तो पंख पुन्हा वाकायचा नाही.

मोहोर

मध्येच शंका विचारते. नाकात वजन भरावं लागेल का? माझं एक विमान शेपटीवर बसलं होतं.

काचकागद

नाही. वापिटीला शेपटीखालीच टेकू असतो, ते उभं असतं तेच शेपूट जमिनीला टेकवून. तीन चाकांच्या, नाक पुढे टेकणाऱ्या विमानांना वजन लागतं.

जुनेपाने

पतंगवेडा, तुमच्या फोटोबद्दल वाचून राहवलं नाही. हा विषय माझ्या जिवाजवळचा.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण ती रंगकामाला लागणार आहे. वापिटी पहिल्यांदा उडालं १९२७ साली. त्याआधीच्या डीएच-९ए विमानाचे सुटे भाग ब्रिटिश हवाई दलाच्या कोठारांत ढिगाने पडून होते आणि नव्या विमानात ते वापरले जावेत अशी अटच होती. म्हणून पंख जुन्या विमानाचे, धड नवं, नाकावर नऊ सिलिंडरचं ब्रिस्टल ज्युपिटर इंजिन. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर आपल्या हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते अशा चार वापिटी आयआयए विमानांवर. सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही, एवढाच संसार. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, पूर्णियाहून निघालेल्या दोन वेस्टलँड विमानांनी एव्हरेस्टवरून पहिलं उड्डाण केलं. त्यातलं एक मुळात वापिटीच होतं, बदल करून वॉलेस (वेस्टलँडचंच पुढचं विमान) झालेलं. हे मी थोडं भरकटून सांगतोय, पण या विमानाला कोणी ‘जुनाट’ म्हटलं की मला हा आठवडा आठवतो.

१९३६ मध्ये दुसरी तुकडी आली, १९३८ च्या जूनमध्ये तिसरी. तुमचे आजोबा त्याच वर्षी भरती झाले म्हणजे स्क्वाड्रन भरास येत होतं तेव्हा. याच विमानांनी वझिरीस्तानात मिरानशाहहून पहिल्या मोहिमा केल्या.

आता फोटो. दोन गोष्टी बघून सांगा. रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पंखावर, उभे पट्टे आहेत का? आणि पंखावरच्या गोल खुणेत बाहेरचं कडं फिकट आणि मधला ठिपका जवळपास काळा दिसतोय का?

पतंगवेडा

जुनेपाने, तुम्ही फोटो बघितल्यासारखं कसं लिहिलंत? रडरवर पट्टे नाहीत, नुसता चंदेरी आहे. आणि हो, मधला ठिपका काळाकुट्ट, बाहेरचं कडं अगदी फिकट राखाडी. मी आजवर समजत होतो की बाहेरचा रंग पिवळा वगैरे असावा. किटच्या डिकलमध्ये मात्र रडरचे लाल-पांढरे-निळे पट्टे दिलेले आहेत.

जुनेपाने

पिवळा नाही, निळाच. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसत नसे. म्हणून लाल काळा उमटतो, निळा फिकट पडतो, आणि पिवळा उलट गडद येतो. पुढे पँक्रोमॅटिक फिल्म आली तिच्यात लाल आणि निळा दोन्ही जवळपास सारखेच राखाडी दिसतात. जुन्या फोटोवरून रंग ठरवताना आधी फिल्म ओळखायची. नाहीतर चांगले चांगले लोक फसतात.

रडरचे पट्टे ब्रिटिश हवाई दलाने १९३४ मध्ये बंद केले. तुमच्या डिकलमधले पट्टे १९३३ च्या पहिल्या चार विमानांसाठी असणार. आजोबांच्या विमानाला ते लावू नका. फोटो हाताशी आहे, तो सांगतो तसंच करा. सूचनांच्या कागदापेक्षा तो मोठा पुरावा आहे. शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक फोटोत वाचता येत असेल तर तोच घाला, काळ्या अक्षरांत. आणि राउंडेलमधला, म्हणजे पंखावरच्या त्या गोल खुणेतला, लाल ठेवा. जपानी खुणेशी गोंधळ होऊ नये म्हणून तो काढला गेला १९४२ मध्ये, तुमच्या फोटोच्या बऱ्याच नंतर. युद्धापूर्वीचा लाल आणि निळा उजळ असतो. युद्धकाळातला विटकरी लाल इथे चालणार नाही.

दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात एक वापिटी जपून ठेवलेलं आहे. लोकांनी जवळून काढलेले त्याचे फोटो बघा. तारा कुठे जोडल्यात, स्ट्रटच्या बुडाशी काय आहे, यासाठी त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही. रंगासाठी मात्र त्यावर विसंबू नका, विमान नंतर रंगवलेलं असतं.

रंगारी_७२

चंदेरी रंगाचं मी सांगतो. इथे बहुतेक जण चुकतात.

वापिटीचे पंख आणि धडाचा मागचा भाग कापडाचे. त्या कापडावर अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेला डोप फासलेला असतो. म्हणजे तो रंग आहे, उघडा धातू नाही. त्यात आपला चेहरा दिसत नाही. म्हणून चकाकणारा क्रोम सिल्व्हर किंवा आरशासारखे लॅकर इथे नकोत. मी तामिया कंपनीचा एक्सएफ-१६ हा चंदेरी रंग घेतो, त्यात पाव हिस्सा फिकट राखाडी घालतो आणि वर सॅटिन वार्निश देतो. एवढ्या लहान मापात शुद्ध चंदेरी फार भडक दिसतो, राखाडीमुळे तो शांत होतो. नाकाजवळचे धातूचे पत्रे थोड्या वेगळ्या छटेचे ठेवा. तुमच्या फोटोत ते पंखांपेक्षा गडद दिसतायत की चमकदार, त्यावरून ठरवा. फक्त त्या पत्र्यांना अलक्लॅडसारखा लॅकर चालेल, खाली चकचकीत काळा देऊन.

त्याआधी प्रायमर. रेझिनवर अ‍ॅक्रिलिक थेट मारलं तर पुढे मास्किंग टेपबरोबर सालपटासारखं निघून येतं. मिस्टर सरफेसर १२०० लॅकर थिनरमध्ये पातळ करून मारा, खिडक्या उघड्या ठेवून आणि वाफेचा मास्क लावून. एन-९५ धुळीसाठी असतो, थिनरच्या वाफेला तो अडवत नाही. राखाडी प्रायमर बसला की उरलेली भोकं आणि ओरखडे सगळे डोळ्यांत खुपायला लागतील. ती भरा, घासा, पुन्हा प्रायमर. मला तीन-चार फेऱ्या लागतात. चंदेरी रंग खालचा एकही ओरखडा लपवत नाही, उलट दाखवतो.

विमान वापरलेलं, मळकं दाखवताना हात आखडता. कापडावरचा रंग खरवडला तर खाली धातू दिसत नाही, कापड दिसतं. त्यामुळे पंखांवर धातूचे टवके नकोत. चाकांवर आणि खालच्या पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं पाय ठेवून चढतात, तिथे थोडी धूळ. बस.

स्वानंदी

मी रोज येऊन वाचत होते. तारांबद्दल कोणीतरी बोलेल म्हणून थांबले होते.

पतंगवेडा, तारा वगळू नका. दुपंखी विमानात तारा म्हणजे शोभा नव्हे, त्यांच्यावर विमान उभं असतं. उडताना हवा पंखांना वर उचलते, तेव्हा खालच्या पंखाच्या मुळाकडून वर आणि बाहेर जाणाऱ्या तारा ते पंख ओढून धरतात. त्या बहुतेकदा जोडीने असतात. जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन खाली लोंबतं, ते पेलतात उलट्या दिशेच्या तारा, वरच्या पंखाच्या मधल्या भागाकडून खाली आणि बाहेर जाणाऱ्या. तिसरा प्रकार पुढच्या आणि मागच्या स्ट्रटमधल्या फुलीचा, पंखाचा कोन फिरू नये म्हणून. ही रचना एकदा समजली की धूसर आकृतीचीही गरज लागत नाही, तुम्ही फोटो बघून स्वतः आराखडा काढू शकता.

आणि तुमचे आजोबा रिगर होते. रिगरचं काम हेच. ओळंबा आणि पातळी घेऊन पंखाचा कोन मोजायचा, प्रत्येक तार पिळून तिचा ताण बरोबर करायचा. त्यांचा हात फोटोत जिथे आहे ती त्यांच्या कामाची जागा आहे. ती तार सोडून बाकीचं विमान करणार का?

आता जमवायचं कसं ते सांगते, मनातली भीती काढून टाका. या मापात मी ताणणारा लायक्रासारखा बारीक धागा वापरते, मॉडेल करणाऱ्यांसाठी तो राखाडी रंगात मिळतो. प्रत्येक जोडाच्या जागी रंगकामाच्या आधीच ०.३ मिमीच्या ड्रिलने भोक पाडा, आरपार नको, मिलिमीटरभर खोल. सगळं रंगकाम आणि डिकल झाल्यावर धाग्याचं एक टोक सुपर ग्लूच्या टिंबात बुडवून भोकात ठेवा, दहापर्यंत मोजा. मग धागा ताणून दुसऱ्या भोकापेक्षा थोडा आखूड कापा, टोकाला गोंद लावा, चिमट्याने ओढून बसवा. चुकलं तर ओढून काढा आणि परत करा. धक्का लागला तरी तुटत नाही, परत ताठ होतो.

जाडी मात्र सांभाळा. खऱ्या विमानात सेंटिमीटरभर रुंदीची तार असली तरी या मापात ती ०.१४ मिलिमीटर होते. जाड धागा लावला तर विमान पिंजऱ्यात ठेवल्यासारखं दिसतं.

काचकागद

स्वानंदी, तुझ्याशी बाकी सगळं पटतं, पण धाग्याच्या बाबतीत मी मासेमारीच्या बारीक नायलॉनचाच पक्ष घेईन. ०.१ मिमीचा मिळतो. आरपार भोकातून ओवायचा, ताणून गोंद लावायचा, बाहेरचं टोक कापून घासायचं. तारेला जी ताठ, कडक रेघ हवी ती नायलॉनलाच येते. ताणणारा धागा प्रकाशात लव असल्यासारखा दिसतो.

स्वानंदी

काका, प्लास्टिकच्या विमानावर मीही नायलॉन लावते. पण रेझिनचे पंख भरीव असतात आणि तुम्हीच वर लिहिलंय की ते सततच्या ओढीखाली खचतात. दहा-बारा नायलॉनच्या तारांचा ताण वर्षानुवर्षं एका बाजूला थोडा जास्त राहिला तर पंख पिळला जाईल. शिवाय नायलॉन आरपार ओवायचा म्हणजे वरच्या पंखाच्या पृष्ठभागावर भोकं बुजवायची आणि तिथला चंदेरी रंग पुन्हा जुळवायचा. चंदेरीची डागडुजी दिसतेच. पहिल्याच दुपंखीला हे नको.

काचकागद

पंखात स्टीलची तार घातली तर पिळणार नाही, हे माझं म्हणणं कायम. पण डागडुजीचा मुद्दा खरा आहे. पतंगवेडा, तू स्वानंदीचं ऐक.

पतंगवेडा

सात आठवड्यांनी येतोय.

स्वानंदीताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ‘ती तार सोडून’ या ओळीला ती उठून आत गेली आणि फोटो घेऊन आली. तारा लावणार, हे तिथेच ठरलं.

झालेलं काम: पंखात तार बसवली, आता तो काचेवर ठेवला की खालून कागदही सरकत नाही. स्ट्रट पितळेचे केले, पहिले चार फुकट गेले, नंतर हात बसला. प्रायमरच्या तीन फेऱ्या झाल्या. कॉकपिट बंद करण्याआधी आतल्या भिंती कोरून पातळ केल्या, मागच्या बैठकीवर बंदुकीचं कडं बसवलं. धड, पंख, शेपूट सगळं सुटंच रंगवलंय, रंगारींनी सांगितलेल्या मिश्रणाने. फोटोशेजारी धरलं तर बरोबर वाटतंय.

अडलंय डिकलवर. एक नको असलेला तुकडा पाण्यात टाकून बघितला तर त्याचे काचेसारखे तुकडे झाले. आणि पिवळेपणा चंदेरीवर फारच उठून दिसेल. दुसरं, वरचा पंख सरळ बसवायचा कसा? दोन हात पुरत नाहीत.

रंगारी_७२

तुकडा आधी पाण्यात टाकून बघितलात हे फार बरं केलंत. पिवळेपणासाठी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चित्रं उन्हाकडे करून काचेच्या खिडकीला आठवडाभर चिकटवा. बराच जातो. मग मायक्रोस्केलचं डिकल फिल्म ब्रशने एकदा सगळ्यावर फिरवा, तुटणं थांबेल. आता प्रत्येक चित्र कडेने कापून घ्यावं लागेल, कारण फिल्म सगळ्या कागदावर एकसंध झालेली असते.

पण राउंडेल तुम्ही रंगवाच. वर्तुळं कापायच्या कटरने मास्किंग टेपमधून तीन मापाची वर्तुळं काढायची. आधी पांढरा, मग मधे लाल, मग बाहेर निळा. उजळ निळा हवा तसा मिसळता येतो आणि कडेला फिल्मची रेघही नाही. डिकल फक्त क्रमांकापुरतं ठेवा. त्याच्याखाली चकचकीत क्लिअरचा थर द्यायला विसरू नका, नाहीतर चंदेरीच्या खरबरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डिकलखाली पांढुरकं दिसतं.

खालच्या पंखाची वरची बाजू पूर्ण करा, वार्निशसकट. वरचा पंख बसला की तिथे ब्रश पोचत नाही.

काचकागद

वरच्या पंखासाठी साचा कर. जाड पुठ्ठ्याचे दोन उभे तुकडे, त्यांत दोन्ही पंख नेमक्या अंतरावर अडकतील अशा खाचा. मापं आकृतीवरून नाही, तुझ्या स्ट्रटवरून घे. विमान साच्यात, वरचा पंख वर टेकवलेला, गोंद नाही. समोरून बघ, बाजूने बघ, वरून बघ. दोन्ही टोकं शेपटीपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते धाग्याने मोज. जुळलं की आधी फक्त मधले, धडावरचे स्ट्रट इपॉक्सीने लाव आणि रात्रभर सोड. दुसऱ्या दिवशी बाहेरचे. सगळे एकदम लावायला गेलास की एक बसतो तेवढ्यात दुसरा निसटतो.

पतंगवेडा

वरचा पंख बसला. दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंतच्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, काका.

काल रात्री तारांना सुरुवात केली. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली होती, हातात भिंग आणि फोटो. कुठली तार कुठे जाते ते ती फोटोवरून सांगत होती आणि मी लावत होतो. एके ठिकाणी मी एकच धागा लावला तर म्हणाली, “इथे दोन आहेत.” भिंगातून बघितलं, खरंच दोन होत्या, अगदी एकमेकींच्या मागे.

आजोबांचा हात ज्या तारेवर आहे ती सगळ्यांत शेवटी लावायची असं तिने सांगून ठेवलंय. उजवी बाजू झाली. डावीकडच्या तारा बाकी आहेत, आणि ती एक.

स्वानंदी

ती लावाल तेव्हा आईच्या हातात चिमटा द्या. हात थरथरत असेल तर दुसरं टोक तुम्ही धरा. ताणणारा धागा आहे, चुकला तरी पुन्हा लावता येतो.